सूनबाईचं गंधकाचं पाणी

माणसाचा घाणेरड्या वासावर किती विश्वास असतो हे पाहायचं असेल, तर सूनबाईच्या सासरच्या स्नानगृहात घटकाभर उभं राहावं. तिथल्या पाण्याला गुलाबाचा वास असता तर कुणी तिकडे फिरकलं नसतं. पण कुजक्या अंड्यासारखा भपका आला की चांगली शिकलीसवरलेली माणसं गप होतात. नाकाला रुमाल लावून आत शिरायचं, हौदातल्या गरम पाण्यात डोळे मिटून बसायचं, आणि उकडलेल्या बटाट्यासारखं तोंड करून बाहेर आल्यावर म्हणायचं, "काय ताकद आहे हो पाण्यात!"

सूनबाई टॉवेल देता देता हे ऐकायची आणि मनात म्हणायची, ताकद पाण्यात कुठली आलीय, माझ्या दंडात आहे. पहाटेपासून पातेलं घोटतेय ती मी.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण या घरात आल्यापासून सासरे तिला त्याच नावाने हाक मारत, मग नवराही चुकून मारायला लागला, आणि आंघोळीला येणारी सगळी गिऱ्हाइकं तर तिला दुसरं नाव असेल असं समजतच नव्हती.

तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळी घरामागच्या खडकातून खरोखरचा गरम झरा वाहायचा. त्या पाण्याला गंधकाचा वास यायचा आणि खरजेला, सांध्यांना त्याचा थोडाफार उपयोगही व्हायचा. पुढे टेकडीच्या पलीकडे दगडाची खाण निघाली, सुरुंग उडायला लागले, आणि झऱ्याने तोंड फिरवलं. आधी कोमट झाला, मग गार, मग खडक नुसता ओला राहायला लागला, मग तेही नाही. दुसरा एखादा असता तर त्याने दारावरची पाटी उतरवली असती. सूनबाईच्या सासऱ्यांनी पाटीला नवा रंग दिला. मागच्या खोलीत मोठा बंब बसवला, नळाचं पाणी तापवून नळीतून हौदात सोडलं, आणि गंधकाचं पोतं आणून दोन मुठी पूड वर भिरकावली.

पूड विरघळेना. वासही येईना. नुसतीच पिवळी साय तरंगत राहिली, आणि मानेच्या दुखण्यासाठी येणारी वकिलीणबाई ओल्या पिवळ्या रंगाच्या फाटकाला टेकून आल्यासारखी बाहेर पडली. सूनबाई तेव्हा नवी होती. तिचे वडील शिंपी. त्यांच्या दुकानाला लागून बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि तो दुकानदार वेलींवर फवारायला गंधक आणि चुना एकत्र उकळायचा. तो वास नाकात घेऊनच ती लहानाची मोठी झाली होती. त्यामुळे न राहवून ती बोलून गेली, "मामंजी, गंधक असा नुसता टाकून भागत नाही. चुन्याबरोबर उकळावा लागतो. तांबूस पाणी निघतं, ते वापरायचं."

या एका वाक्याने तिचा मुक्काम मागच्या खोलीत पडला तो पडलाच. सकाळी चूल, पातेलं, लांब दांड्याचा कालथा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पातेलं उतरलं की ओगराळ्याने ते तांबडं पाणी हौदात ओतायचं, आणि मग पदर नीट करून पुढच्या दाराशी टॉवेल घेऊन उभं राहायचं, जशी काही धरणीमातेनेच सगळी सोय केली आहे.

पुढच्या दाराशी मामंजींचं व्याख्यान चाललेलं असायचं. ते उंच स्टुलावर बसून हातातलं चांदीचं नाणं उडवत बोलत.

"गंधक म्हणजे तुम्ही काय समजलात? डोंगराच्या पोटात आग असते ना, तिथे जन्म याचा. दारूगोळा कशाने उडतो? गंधकाने. तुमच्या गाडीचं टायर एवढं टणक कशाने होतं? रबरात गंधक घालून भाजतात म्हणून. सुकवलेली फळं सोन्यासारखी पिवळी कशी राहतात? गंधकाची धुरी. अंगाला खाज सुटली, गंधकाचं मलम. असा हा गंधक, मंडळी, तुमच्या सेवेला हौदात हजर आहे!"

गुडघ्यांसाठी येणारे निवृत्त स्टेशनमास्तर दर वेळी मान डोलवत. सूनबाईला वाटायचं, जे टायरला लावतात तेच आपल्याला लावतात, हे ऐकून माणसाला एवढा आनंद कसा होतो?

तिला तर हा शब्द बाजारात उच्चारायचीही सोय नव्हती. फटाकेवाल्याकडे गंधक मागितला की तो आधी परवाना विचारायचा. औषधाच्या दुकानातला पोरगा एक पाऊल मागे सरून विचारायचा, "खाज कुठे आहे?" बी-बियाणंवाला विचारायचा, "भुरी पडली का वेलींवर?" रबराच्या कारखान्यातला मुकादम काहीच विचारायचा नाही, पण पोतं कमी भरायचा. या सगळ्यांच्या तोंडी गंधक म्हणजे गंधक होता. तिच्या सासरी मात्र तो उच्चारताना मामंजींचे डोळे आपोआप मिटायचे.

व्याख्यान संपलं की चांदीची परीक्षा. मामंजी नाणं दोऱ्याला बांधून हौदात सोडत, वर काढत, आणि काळंकुळकुळीत झालेलं नाणं सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवत. "बघा! चांदीची ही गत, तर रोगाची काय होईल?" रोग म्हणजे काय चांदीची भांडी आहेत का, असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. दुपारी तेच नाणं बंबातल्या राखेने घासून पांढरं करायचं कामही सूनबाईकडेच होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी सूनबाईचे वडील आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि छत्रीचीच काठी केलेली. डाव्या पायातला कापडी बूट पुढून कापून मोकळा केलेला. शिलाई मशीनचं पायडल मारून मारून पोटऱ्या अजून घट्ट होत्या, पण चेहरा उतरला होता.

"या बाबा, बसा," म्हणत तिने पिशवी घेतली आणि जागच्या जागी थांबली. त्या घरात वास ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा वास गंधकाचा नव्हता.

"बूट काढा."

"अगं, आल्या आल्या काय बूट? पाणी तरी देशील का?"

"काढा आधी."

अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. जळक्या शेंगेसारखं. बाबांना साखरेचा आजार होता हे तिला माहीत होतं, पण पायाची ही गत त्यांनी कळू दिली नव्हती.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की. तो म्हणतो, या आठवड्यात बोट काढू या, नाहीतर पाऊल जाईल, पुढे पायही जाईल." बाबा हसले. "डॉक्टर म्हणजे माझाच जातभाई. कापल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. फरक एवढाच की मी कापतो ते नंतर जोडून देतो. म्हटलं, लेकीच्या घरी एवढं औषधी पाणी असताना मी त्याच्या कात्रीखाली कशाला जाऊ?"

तेवढ्यात मामंजी आले. व्याही भेटीला आले आणि तेही भक्त होऊन, म्हणजे त्यांना आभाळ ठेंगणं झालं. वाकून त्यांनी बोट पाहिलं, असं की जणू आयुष्यभर बोटंच पाहत आले.

"हे होय? व्याही, पाय रोज दोन वेळा हौदात सोडून बसा. महिन्याभरात बोट लहान मुलासारखं गुलाबी होईल."

"मामंजी!" सूनबाई म्हणाली. "साखरेमुळे त्यांच्या पायाला चटका कळत नाही. गरम पाण्यात घातला तर भाजेल आणि समजणारही नाही."

"ऐकलंत व्याही? आमच्या घरात आल्यापासून फार हुशार झालीय हो तुमची लेक."

"लहानपणापासून नाकाने कांदे सोलते ती," बाबा कौतुकाने म्हणाले, आणि दोघे व्याही मोठ्याने हसले.

सूनबाई मागच्या खोलीत गेली. तिथे नवरा बंबात लाकडं सारत होता. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही हे ती लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकली होती. बंबाला वाफ सोडायला एक तोटी तरी होती, याला तेवढीही नव्हती.

"अहो, बाबांचं बोट सडतंय. तुमच्या वडिलांना सांगा, माझ्या बापाला तरी खरं सांगू द्या म्हणावं."

"बघू," नवरा म्हणाला.

"काय बघू? बोट बघितलंत?"

"नाही, म्हणजे बघू, वडील काय म्हणतात ते."

वडील काय म्हणतात ते ऐकायला मग ती स्वतःच गेली. मामंजी स्टुलावर बसून नाणं न्याहाळत होते.

"खरं म्हणजे काय गं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "पाण्यात गंधक आहे का? आहे. पाणी गरम आहे का? आहे. मग खोटं कुठे आहे ते मला दाखव."

"झरा कुठे आहे?"

"झरा पाटीवर आहे." मामंजींनी नाणं खिशात टाकलं. "हे बघ, आज तू बापाला सांगशील, उद्या तो वकिलीणबाईला सांगेल, परवा आपण सगळे रस्त्यावर. तोंड उघडलंस तर बापाची पिशवी उचल आणि त्याच्याबरोबरच जा. मग परत यायचं नाही."

या माणसाला ती इतकी वर्षं नुसता ढोंगी समजत होती. ढोंगी माणूस निदान मनात तरी खरं काय ते जाणून असतो. याला आता आपल्याच पाटीचं खरं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाभोवती नेहमीची मंडळी जमली. वकिलीणबाई मानेपर्यंत बुडून बसली होती, स्टेशनमास्तर गुडघे चोळत होते. बाबांना हौदाच्या काठावर मानाची जागा मिळाली होती, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मामंजी नाणं काढणार, तेवढ्यात बाबांनी बोटातून आपलं चांदीचं अंगुस्तान काढून पुढे केलं. सुई बोटात घुसू नये म्हणून शिंपी घालतात ते टोपण. बाबांना ते त्यांच्या उस्तादांनी दिलेलं होतं आणि जेवतानाही ते बोटातून निघत नसे.

"आज माझी चांदी घ्या व्याही. माझी मला खात्री पटू दे."

अंगुस्तान बुडालं आणि काळं होऊन वर आलं. "वा!" सगळे म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की सूनबाईला तो बघवेना. त्यांनी काळं बोट असलेला पाय उचलला.

"थांबा," सूनबाई म्हणाली.

ती मागे गेली आणि एका हातात नळाच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात पातेलं घेऊन आली. मामंजी स्टुलावरून अर्धवट उठले. "सूनबाई!" त्यांचा आवाज चिरकला. तिने तिकडे पाहिलं नाही. फडक्याला राख लावून तिने अंगुस्तान घासलं, पांढरं केलं, सगळ्यांना दाखवलं. मग बादलीत बुडवलं. पांढरंच राहिलं. मग ओगराळंभर तांबडं पाणी बादलीत ओतलं, भपका उठला, आणि अंगुस्तान पुन्हा बुडवून वर काढलं तर कोळशासारखं काळं.

"हे नळाचं पाणी," ती म्हणाली. "आणि हे माझं पातेलं. बी-बियाण्याच्या दुकानातला गंधक आणि चुना. झरा कधीचाच आटला. तुम्ही सगळे इतके दिवस मी उकळलेल्या पाण्यात बसताय. बाबा, पाय खाली घ्या आणि दवाखान्यात चला."

सूनबाई वाट पाहत राहिली. आता ही माणसं उठतील, ओरडतील, मामंजींची गचांडी धरतील, पाटी उतरवतील. तिने मनात पिशवी भरायलाही घेतली होती.

पहिली बोलली वकिलीणबाई.

"म्हणजे हे तुम्ही स्वतः करता?"

"हो."

"रोज?"

"रोज सकाळी."

"अगं बाई! आणि आम्ही समजत होतो नुसतं जमिनीतून येतं!" वकिलीणबाईने हौदातल्या हौदात हात जोडले. "केवढे कष्ट हो तुमचे!"

"मी म्हणतो," स्टेशनमास्तर गुडघा चोळत म्हणाले, "झऱ्याचा भरवसा काय? आज दाट, उद्या पातळ. वेळापत्रक नाही, काही नाही. हे कसं, हाताखालचं काम. म्हणूनच गुण येतो."

मामंजींच्या तोंडाचा रंग उडाला होता, पण तो परत आणण्यात त्यांच्याइतका पटाईत कुणी नव्हता. खोकून ते म्हणाले, "घराण्याची कृती आहे. बाहेर सांगायची नव्हती. पण पोरीने सांगितलीच आहे, तर असो."

आणि बाबा! बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझी पोर," ते आजूबाजूला बघत म्हणाले, "माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून बटणं ओवायची ही. वैद्य निघाली!" आणि त्यांनी पाय पुन्हा उचलला.

सूनबाईने पुढे झेपावून त्यांचा घोटा धरला. आयुष्यात इतका तिरस्कार तिला कधी आला नव्हता. मामंजींचा नाही, त्या हौदात बसलेल्या सगळ्यांचा. खोटं सांगितलं तर नमस्कार, खरं सांगितलं तर साष्टांग नमस्कार. यांच्यापुढे खरं ठेवणं म्हणजे बंबात लाकूड सारणंच होतं, पाणी आणखी तापायचं. आणि हातात धरलेला घोटा तिच्या बापाचा होता.

"पाय बाहेर!" ती कडाडली. "औषध कुणाचं आहे?"

बाबा दचकले. "तुझं."

"मग ते कधी घ्यायचं हे कुणी सांगायचं?"

"तूच सांग की."

"अंगात काळं असताना हे पाणी चालत नाही. चांदीचं काय झालं बघितलंत ना? चांगली पांढरी चांदी, ती काळी झाली. मग जे आधीच काळं आहे त्याचं काय होईल? सरळ वर चढेल. आधी काळं काढून टाकायचं, जखम भरायची. मग विचारायला यायचं."

बोलता बोलता तिला कळत होतं की ती मामंजींच्याच सुरात बोलते आहे. स्टुलावर बसायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

"बरोबर आहे," वकिलीणबाई म्हणाली.

"अगदी शास्त्रशुद्ध," स्टेशनमास्तर म्हणाले.

"मी तेच सांगणार होतो," मामंजी म्हणाले.

बाबा काळ्या अंगुस्तानाकडे बघत राहिले. मग पायाकडे. "मग डॉक्टरने हे असं का नाही समजावून सांगितलं?" ते कुरकुरले. "नुसतं कापू म्हणाला."

"त्याला कुठे येतंय एवढं," सूनबाई म्हणाली, आणि त्यांची विजार खाली केली.

नवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा 'बघू' न म्हणता रस्त्यावर जाऊन गाडी आणली. एवढी एक गोष्ट त्याच्या खात्यावर लिहायला हवी.

बोट गेलं, पाऊल वाचलं. अजून थोडे दिवस घालवले असते तर घोट्यापर्यंत कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाला. हे तो बाबांच्या खाटेशी उभा राहून सांगत असतानाच बाबा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला समजावत होते, "आधी काळं काढायचं, हा नियम माझ्या लेकीचा. डॉक्टर फक्त हत्यार चालवायला." डॉक्टरने सूनबाईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

पिशवी काही उचलावी लागली नाही. मामंजी घराबाहेर काढायची भाषा पुन्हा बोलले नाहीत. बोलणार तरी कुठल्या तोंडाने? आठवड्याभरात गिऱ्हाइकं पुढच्या दारातून शिरून सरळ मागच्या खोलीकडे वळायला लागली. पातेल्याचं दर्शन घ्यायला. मामंजी स्टुलावर एकटेच नाणं उडवत बसलेले असत. मागे सूनबाई कालथा हातात धरून, डोळे पुसत, कुणाला मानेची गाठ दाखवायला दवाखान्यात पाठवत होती, कुणाला साखर तपासायला. "आधी ते, मग पाणी," एवढंच म्हणायची, तेही तोंड वाकडं करून. जितकं तोंड वाकडं, तितकी माणसं निमूटपणे ऐकत. त्यांतली निम्मी दवाखान्यातूनच बरी होऊन परत येत आणि पातेल्याला नमस्कार करत. मग तिचं तोंड आणखी वाकडं होई.

बाबा तिच्याकडेच राहिले होते, जखम भरेपर्यंत. एका दुपारी ते झोपलेले असताना तिने त्यांचं अंगुस्तान काढून घासलं. उस्तादांनी दिलेलं, त्यावरची बारीक नक्षी काळ्यात बुजून गेली होती. राखेने घासता घासता एकेक पान उमटलं. तिने ते परत बोटात सरकवलं, तर बाबा जागे झाले.

"हे काय केलंस?"

"स्वच्छ केलं."

"आता लोकांना काय दाखवू मी? गुण उतरला ना त्याचा. जा, पुन्हा बुडवून आण."

सूनबाईची नजर त्यांच्या पायावर गेली. पायाला पट्टी, ती कालच बदलून आणायची होती. काल त्यांनी पाठ दुखते म्हणून टाळलं होतं आणि आज ऊन आहे म्हणून.

"आणते बुडवून," ती म्हणाली. "पण पट्टी बदलून आलात की. भरत्या जखमेच्या माणसाची चांदी त्याआधी गुण धरत नाही."

"असं आहे का?"

"असंच आहे."

बाबांनी मान डोलवली, खाटेखाली हात घालून बूट काढला, आणि लेस बांधता बांधता म्हणाले, "हे सुद्धा तो डॉक्टर सांगत नाही बघ."

सूनबाईने त्यांच्या बोटातलं अंगुस्तान काढून मुठीत धरलं आणि मागच्या खोलीत पातेल्यावरचं झाकण काढायला गेली.